एफबीआयच्या आधी नागरिकत्वाचं गणित

तुझा मेल तुझ्या आईने मला पुढे पाठवला आणि वर एक ओळ लिहिली, "हिला जरा समजाव." तुला समजावण्याचं काम माझं नाही. पण तू विचारलंयस ते नेमकं आहे, तर उत्तरही नेमकं देते. बी.ई. कॉम्प्युटर झालंय, वय २३, अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांचे प्रवेश हातात आहेत. एक क्रिमिनल जस्टिसचं एम.एस., दुसरं सायबर फॉरेन्सिक्सचं, म्हणजे डिजिटल पुरावे तपासण्याचं. तुला एफबीआयमध्ये स्पेशल एजंट व्हायचंय, ते नाही जमलं तर "तशाच दुसऱ्या खात्यात". कोणती डिग्री घेऊ आणि किती वर्षं लागतील, हे तुझे प्रश्न. बाबा घर तारण ठेवून कर्ज काढणार आहेत, हे तू शेवटी सहज लिहून टाकलंस. माझ्या लेखी ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

आधी मी कोण बोलणारी, ते सांगते. मी एजंट नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आले, इथे अकाउंटिंग नव्याने शिकले, नागरिक झाले तेव्हा चाळिशी उलटली होती. आता एका फेडरल, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या, खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या कार्यालयात ऑडिटर आहे. इन्स्पेक्टर जनरल म्हणजे आपल्याकडचा पोलिस महानिरीक्षक नव्हे. इथे १९७८ च्या एका कायद्याने सरकारी खात्यांमध्ये आतल्या गैरव्यवहारावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र कार्यालयं तयार झाली. तिथे आमच्यासारखे हिशेब तपासणारे असतात आणि बिल्ला-बंदूकवाले तपास अधिकारीही असतात. त्यांच्याबरोबर रोज काम करते, त्यामुळे त्यांची नोकरी जवळून पाहिलेली आहे.

आता मुद्दा. एफबीआयला अमेरिकन नागरिकच लागतात. एजंटच नाही, विश्लेषक, दुभाषे, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, सगळेच. ग्रीनकार्डही (इथे कायम राहण्याचा परवाना) चालत नाही. आणि हे फक्त एफबीआयचं नाही. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी काढलेल्या एका आदेशाने बहुतेक फेडरल नोकऱ्या नागरिकांपुरत्या ठेवल्या, तो अजून लागू आहे. विद्यार्थी व्हिसावर असताना तिथे इंटर्नशिपही मिळत नाही. सायबरसुरक्षा शिकणाऱ्यांना फी देऊन नंतर सरकारी नोकरीत घेणारी एक शिष्यवृत्ती आहे, सायबरकोर नावाची. तीही नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांनाच. पुण्याच्या त्या कन्सल्टंटने तुला "एम.एस. केलं की फेडरल एजन्सीजचे दरवाजे उघडतात" असं सांगितलं असेल, तर त्याला विचार, कोणाला?

एजंटसाठी दुसरी अट वयाची. अर्ज करायला किमान २३, आणि सदतिसाव्या वाढदिवसाच्या आधी नेमणूक व्हायला हवी. बहुतेक फेडरल तपास अधिकाऱ्यांना हीच वरची मर्यादा असते, कारण त्यांचं निवृत्तिवेतन वेगळं असतं: २० वर्षं सेवा आणि ५७ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती. माजी सैनिकांना यात सवलत असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इमिग्रेशनवाल्या आइस या खात्याने मोठी भरती काढताना वयाची वरची अट काढूनच टाकली. म्हणजे मर्यादा हलू शकते, पण ती हलेल या भरवशावर कोणी घर तारण ठेवत नाही.

आता तुझं गणित मांडू. एम.एस. होईपर्यंत तू २५ ची. त्यानंतर शिक्षणाला जोडून मिळणारा काम करण्याचा परवाना, ओपीटी, १२ महिन्यांचा. विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर आणखी २४. या तीन वर्षांत एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, सोडतीत नाव निघायला हवं. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांना वेगळ्या २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्काचा आदेश निघाला. जे आधीच विद्यार्थी म्हणून इथे आहेत आणि इथेच व्हिसा बदलतात, त्यांना ते लागू नाही असा खुलासा नंतर आला, पण यावरून हवा कशी आहे ते कळेल. समज नाव निघालं आणि कंपनीने लगेच ग्रीनकार्डची प्रक्रिया सुरू केली. तू २९ ची. इथे खरी रांग लागते.

नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच बायको-नवरा-मुलं मोजलेली. एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. भारताला ७ आणि आइसलँडलाही ७. मी हे लिहितेय तेव्हा मास्टर्सवाल्यांच्या वर्गात, म्हणजे ईबी-२ मध्ये, २०१३ च्या आसपास अर्ज केलेल्या भारतीयांचा नंबर लागतोय. तुझा अर्ज २०३० च्या सुमाराचा असेल. त्यानंतर ग्रीनकार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी नागरिकत्व. शिवाय एजंटच्या निवडप्रक्रियेला एक वर्ष सहज जातं, कधी जास्त. म्हणजे ३७ च्या आत बसायचं तर तिशीच्या आसपास ग्रीनकार्ड हातात पाहिजे. भारताच्या रांगेतून ते होत नाही. अवघड आहे असं म्हणत नाहीये मी, होत नाही असंच म्हणतेय.

पळवाटा विचारशील म्हणून त्याही सांगते.

देश म्हणजे तुझा पासपोर्ट कोणता हे नव्हे, तुझा जन्म कुठे झाला हे. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. तुझे बाबा मस्कतला होते, पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुझी आई सातव्या महिन्यात सांगलीला आली आणि तू भारताच्या रांगेत लागलीस! तुझा धाकटा भाऊ मस्कतला जन्मला. पासपोर्ट भारताचाच असला तरी तो ओमानच्या कोट्यात धरला जाऊ शकतो आणि ओमानला अशी रांगच नाही. त्याला कधी अमेरिकेत यायचं असलं तर हे सांगून ठेव. तुला त्याचा उपयोग शून्य. नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर मात्र त्याच्या जन्माचा देश तू धरून चालू शकतेस. आखाती देशांत जन्मलेली मराठी मुलं इथे बरीच आहेत.

नागरिकाशी लग्न झालं तर रांग नाही आणि नागरिकत्व तीन वर्षांत. मी पाहिलेले बहुतेक परदेशात जन्मलेले एजंट याच वाटेने किंवा लहानपणी आईवडिलांबरोबर येऊन आलेले. पण कागदापुरतं लग्न करून बघू, हा विचार मैत्रिणींच्या घोळक्यातसुद्धा बोलू नकोस. तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि एकदा ठपका बसला की ग्रीनकार्डचा मार्ग कायमचा बंद. फेडरल एजंट व्हायला निघालेल्या माणसाने तर नाहीच नाही.

सैन्याची एक वाट होती. २००९ साली मॅव्हनी नावाची योजना आली, विशिष्ट भाषा येणाऱ्या किंवा वैद्यकीय शिक्षण असलेल्या व्हिसाधारकांना सैन्यात घेऊन लवकर नागरिकत्व देणारी. २०१६ नंतर ती थांबली ती थांबलीच. यूट्यूबवर अजून तिचे व्हिडिओ फिरतात, त्यावर वेळ घालवू नकोस. व्हिसाची जी लॉटरी असते तीत भारत पात्र नाही. आठ लाख डॉलर गुंतवणारा मार्ग आहे, तो तुझ्या बाबांना सांगू नकोस, झोप उडेल.

हे सगळं वाचूनही तुला तेच करायचं असेल, तर काम काय आहे ते तरी नीट कळू दे. "एफबीआय किंवा तसंच काही" या "तसंच" मध्ये खूप मावतं. मार्शल सर्व्हिस १७८९ ची आहे, फरारी पकडते, न्यायाधीश आणि साक्षीदारांना संरक्षण देते. सीक्रेट सर्व्हिस १८६५ साली खोट्या नोटा पकडायला सुरू झाली, राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण नंतर आलं. टपाल खात्याचे स्वतःचे सशस्त्र तपास अधिकारी आहेत. आयकर खात्याच्या गुन्हे शाखेने अल कपोनला १९३१ मध्ये करचुकवेगिरीत अडकवलं, खुनांत नाही. त्या शाखेला अजूनही अकाउंटिंगचे ठरावीक क्रेडिट असलेलीच माणसं लागतात. यांतल्या बहुतेक खात्यांत तपास अधिकाऱ्याच्या पदाचा सरकारी वर्गीकरणातला आकडा एकच, १८११. इथली मंडळी एकमेकांना विचारताना खात्याचं नाव नंतर विचारतात, आधी "तू एटीन-इलेव्हन आहेस का?" एफबीआयचे नवे एजंट व्हर्जिनियातल्या क्वांटिकोला सुमारे १८ आठवडे शिकतात, बाकी बऱ्याच खात्यांचे जॉर्जियातल्या ग्लिन्कोला.

तुझ्या डोक्यातली एफबीआय बहुधा २६/११ ची आहे. त्यात सहा अमेरिकन मारले गेले, म्हणून ते लोक मुंबईत आले. कसाबच्या खटल्यात त्यांच्या तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. हल्ल्याआधी मुंबईत टेहळणी करणाऱ्या हेडलीला त्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोच्या विमानतळावर पकडला. ते खरंच आहे आणि मोठं काम आहे. पण मला विचारशील तर तू दुसरं एक प्रकरण वाच, ठाण्याचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. पोरं अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना फोन करून "आयकर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक" म्हणून लुबाडत होती. त्याच महिन्यात अमेरिकेत अशाच फसवणुकीसाठी ५६ माणसं आणि अहमदाबादच्या ५ कॉल सेंटरांवर आरोपपत्र ठेवलं गेलं. ते बनवणाऱ्यांत एफबीआय पुढे नव्हतीच. होमलँड सिक्युरिटीचे तपास अधिकारी होते आणि होतं आयकर प्रशासनाच्या इन्स्पेक्टर जनरलचं कार्यालय, ज्याचं नाव भारतात कोणी ऐकलेलं नसतं. २०१८ मध्ये शिक्षा झाल्या, एकाला २० वर्षं. प्रीपेड कार्डांचे नंबर, कॉलचे रेकॉर्ड, पैसे उचलणाऱ्यांच्या दुकानातल्या पावत्या, यांची महिनोन्महिने केलेली जुळणी म्हणजे हा तपास. एजंटच्या दिवसातले बरेचसे तास असेच जातात. मुलाखत घेतली की तिचा अहवाल लिहायचा (एफबीआयमध्ये त्याला '३०२' म्हणतात), बँकेला समन्स पाठवायचं, सरकारी वकिलाला पटवायचं की हे कोर्टात टिकेल, त्याने नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. लिहिता येणं हे तिथे नेमबाजीपेक्षा जास्त लागतं. शारीरिक चाचणी आहेच, ३०० मीटर धावणं, दीड मैल धावणं, पुशअप्स. ते तू महिन्यांत तयार करशील. स्वच्छ, कंटाळा न येणारं, वकिलाला तोडता न येणारं इंग्रजी लिहिणं याला वर्षं लागतात.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. हे काम करताना समोर आपलेच लोक येतात. जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमधलं 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' उघडं पडलं. ते विद्यापीठ नव्हतंच, होमलँड सिक्युरिटीच्या एजंटांनी चालवलेला सापळा होता. तिथे फी भरून, वर्गच नसताना फक्त व्हिसा टिकवणारी मुलं पकडली गेली, बहुतेक सगळी भारतीय. विद्यार्थी गोळा करणाऱ्या आठ जणांवर खटले झाले. त्याआधी २०१६ मध्ये न्यू जर्सीत असंच एक खोटं विद्यापीठ. यात मुलं किती दोषी आणि सरकार किती, यावर माझ्या घरातच भांडण होतं. माझं मत: दलालांना पकडायचा सापळा योग्य होता, मुलांना ज्या रीतीने हाकललं ते नव्हतं. पण तू एजंट असतीस तर तुझ्या मताला जागा नव्हती, समोरच्या हैदराबादच्या मुलाची फी घेऊन त्याला हसून पावती द्यायची होती. हे जमेल का, याचं उत्तर मला नको, तुझ्याजवळ असू दे.

काश पटेल २०२५ मध्ये एफबीआयचे संचालक झाले तेव्हा तुझ्या वयाच्या किती मुलांनी मला फोटो पाठवले! माणूस न्यूयॉर्कचा जन्मलेला, शिक्षणाने वकील, आधी आरोपींचा सरकारी बचाव वकील आणि मग सरकार पक्षाचा. एजंट कधीच नव्हता. संचालकपद ही राजकीय नेमणूक आहे, तिचा भरतीच्या नियमांशी काही संबंध नाही.

आता पार्श्वभूमी तपासणी. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण कधी पंचेचाळिशीत का होईना, अशा नोकरीला अर्ज करायचा असेल तर आजपासून सांभाळायच्या गोष्टी यात आहेत. एफबीआयला टॉप सीक्रेट परवाना लागतो आणि त्यासाठी शंभराहून जास्त पानांचा एक फॉर्म भरायचा असतो, एसएफ-८६. मागच्या दहा वर्षांत राहिलीस ती सगळी ठिकाणं, सगळ्या नोकऱ्या, मधल्या रिकाम्या काळासकट. परदेशी नागरिक असलेले सगळे जवळचे नातेवाईक, त्यांच्या जन्मतारखा, पत्ते, नोकऱ्या, आणि ते कुठल्या सरकारात किंवा सैन्यात आहेत का. मागच्या सात वर्षांत ज्या परदेशी माणसांशी जवळचा किंवा सतत संपर्क आहे ती सगळी. आता आपलं घर घे. काका तलाठी, आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, मामा सैन्यातून निवृत्त, मावसभाऊ पोलिस भरतीची तयारी करतोय. आपल्याला ही साधीसुधी माणसं वाटतात. फॉर्मला ती "परदेशी सरकारशी संबंधित" दिसतात. त्याने अर्ज बाद होतो असं अजिबात नाही, पण प्रत्येकाबद्दल प्रश्न येतात आणि उत्तर तयार लागतं.

मग मालमत्ता. परदेशात तुझ्या नावावर जमीन आहे का, होती का, पुढे होण्याची शक्यता आहे का? तुझ्या आजोबांच्या मागे वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर किती नावं चढली ते बघून घे. आपल्याकडे निम्म्या लोकांना आपण साडेतीन गुंठ्यांचे सहहिस्सेदार आहोत हेच ठाऊक नसतं. बाबांबरोबर सहकारी बँकेत लहानपणी उघडलेलं जोडखातं, आईने तुझ्या नावावर केलेली एफडी, सगळं यात येतं. परदेशी खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर अमेरिकन करदात्याला ते दरवर्षी वेगळं कळवावं लागतं, ते सुटलं असेल तर तो दुसरा प्रश्न.

आणि तारखा. तुझ्या आजोबांची जन्मतारीख १ जून आहे ना? आजीचीही? त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या वर्गाला १ जून देऊन टाकली. तपास अधिकाऱ्याला एका घरात तीन माणसं १ जूनची दिसली की तो थबकतो. समजावून सांगता येतं, मी सांगितलंय, पण कागद जुळते असले की तासाचं काम दहा मिनिटांत होतं. तुझं स्वतःचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, पासपोर्टवर आणि जन्मदाखल्यावर एकाच स्पेलिंगने आहे का, ते निघायच्या आधी बघ. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून कुठे आहे कुठे नाही, हा आपला नेहमीचा घोळ.

अमेरिकन नागरिक झालीस की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं, कार्ड घेता येतं. ते नागरिकत्व नाही, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारशाने मिळालेली ठेवता येते). पण फॉर्मवर ते लिहायचंच. लपवलेलं ओसीआय हे सांगितलेल्या ओसीआयपेक्षा शंभरपट महागात पडतं. फेडरल फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

म्हणून आजपासूनच्या गोष्टी. इथे काही "कन्सल्टन्सी" असतात, नवीन पास झालेल्या मुलांच्या रेझ्युमेवर सात वर्षांचा खोटा अनुभव चढवून नोकरीला लावणाऱ्या. सगळे करतात, असं तुला तुझा रूममेटच सांगेल. तू करू नकोस. पंधरा वर्षांनी तुझ्या जुन्या मालकाला फोन जाणार आहे. गांजाची दुकानं अनेक राज्यांत उघड आहेत, पण केंद्रीय कायद्यात तो बेकायदाच आहे आणि तुझ्या व्हिसालाही त्याचा धोका आहे. एफबीआय अर्जाआधीच्या वर्षभरात गांजा आणि दहा वर्षांत इतर अमली पदार्थ चालवून घेत नाही, आणि पॉलिग्राफवर, म्हणजे खोटं पकडणाऱ्या चाचणीत, विचारते. कर वेळेवर भर. कर्जाचा हप्ता चुकवू नकोस, कारण कर्जात बुडालेला माणूस विकला जाऊ शकतो असं हे लोक धरून चालतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

आता खरा प्रश्न: तुला बिल्ला हवाय की हे काम?

काम हवं असेल तर वाट बरी आहे. वयाची ३७ ची अट फक्त एजंटसारख्या पदांना असते. डिजिटल फॉरेन्सिक तपासनीस, विश्लेषक, फॉरेन्सिक अकाउंटंट यांना नसते. उद्या कधी नागरिक झालीस, अगदी पन्नाशीत, तरी ही दारं उघडी असतात. मी त्यातूनच आत आले. तोपर्यंत खासगीत हेच काम भरपूर आहे: बँकांमध्ये काळ्या पैशाचा माग काढणारे विभाग, हॅकिंग झाल्यावर धावून जाणाऱ्या कंपन्या, खटल्यांसाठी डिजिटल पुरावे गोळा करणाऱ्या फर्म. त्यांच्या अहवालांवरच पुष्कळ फेडरल केसेस उभ्या राहतात. राज्यांतल्या पोलिसांचं विचारशील, तर कॅलिफोर्निया आणि इलिनॉयसारख्या काही राज्यांनी अलीकडे नागरिकत्वाची अट सैल केली आहे. पण एच-१बी हा विशेष पदवीच्या कामासाठी असतो, गस्तीवरच्या पोलिसाला तो मिळत नाही, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायलाही बहुतेक वेळा बंदी असते. म्हणजे तिथेही आधी ग्रीनकार्ड.

बिल्लाच हवा असेल तर अमेरिका सोडून बघ. कॅनडाची फेडरल पोलिस, आरसीएमपी, २०१६ पासून ग्रीनकार्डसारखा कायम निवास असलेल्यांचे अर्ज घेते, मात्र मागच्या पाचपैकी तीन वर्षं कायम निवासी म्हणून तिथे राहिलेलं असावं लागतं. तिथल्या कायम निवासाला जन्मदेशाची रांग नाही, गुणांवर मिळतो. गुणांची पातळी चढलीय आणि विद्यार्थी परवानेही २०२४ पासून कमी केलेत, तरी ते तुझ्या आयुष्यात बसणारं गणित आहे. प्रशिक्षण रेजायनाला, २६ आठवडे. पहिली नेमणूक बहुधा कुठल्यातरी बर्फाळ छोट्या गावात, आणि काम सायबरचं नाही, नवराबायकोची भांडणं आणि दारू पिऊन गाडी चालवणारे. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल पोलिसांना मात्र नागरिकत्वच लागतं.

आणि भारत. तू नाक मुरडशील, पण ऐक. सीबीआयचा सबइन्स्पेक्टर, एनआयएचा सबइन्स्पेक्टर, ईडीचा असिस्टंट एन्फोर्समेंट ऑफिसर, ही पदं कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून भरतात, वयाची मर्यादा साधारण तिशीपर्यंत. यूपीएससी देऊन आयपीएस व्हायला खुल्या गटात ३२ पर्यंत. फॉरेन्सिकमध्येच राहायचं तर राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठ गांधीनगरला आहे आणि त्याचा गोव्यातही परिसर आहे, मुंबई-नागपूरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षं दिली आहेत. इतकी माणसं आज देशात कुठेच नाहीत. तू २३ ची आहेस, कॉम्प्युटर इंजिनिअर आहेस, मराठी-हिंदी-इंग्रजी बोलतेस. अमेरिकेत ज्या बिल्ल्यासाठी तुला परकी ठरवलं जाईल, त्याच्या जोडीचा भारतात तू तीन वर्षांत लावू शकतेस. पगार कमी, राजकीय दबाव जास्त, हेही खरं.

तुझ्या दोन ॲडमिशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. क्रिमिनल जस्टिसचं सोडून दे. तो विषय साधारणपणे स्टेममध्ये धरत नाहीत, म्हणजे शिकून झाल्यावर एकच वर्ष आणि सोडतीची जेमतेम एक संधी. इथली मुलं तो स्थानिक पोलिसांत बढतीसाठी करतात. सायबर फॉरेन्सिक्सचं घ्यायचं तर आय-२० या विद्यापीठाकडून येणाऱ्या प्रवेशाच्या कागदावर छापलेला सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा क्रमांक) स्टेमच्या यादीत आहे का ते बघ. अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नकोस, एकाच नावाचे दोन कोर्स दोन कोडांत असतात. आणि ते शिक्षण खासगीतल्या फॉरेन्सिक नोकरीसाठी घे, त्या नोकरीच्या पगारातून कर्ज फिटतं का ते मांडून मग ठरव. एफबीआय त्या हिशेबात धरू नकोस. व्हिसाच्या मुलाखतीत तर तिचं नावही काढू नकोस. विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याने शिकून परत येणार असं दाखवायचं असतं, आणि २०२५ पासून सोशल मीडियाची खातीही उघडी ठेवून तपासतात. तुझ्या इन्स्टाग्रामवर "फ्यूचर फेड", म्हणजे होणारी फेडरल एजंट, असं लिहिलंयस ते मी पाहिलंय. ते आज काढ.

आई म्हणाली डिपॉझिट भरायची मुदत जवळ आलीय. दोन्ही आय-२० चे फोटो मला पाठव, कोड मी बघून सांगते. बाबांना म्हण, कर्जाच्या कागदांवर सही करायच्या आधी मला रविवारी तुमच्या सकाळी फोन करा. आणि भावाचा मस्कतचा जन्मदाखला मूळ आहे का घरात, की नुसती झेरॉक्स, तेही विचारून ठेव.